आधी विरारला, मग चर्चगेटला

नालासोपाऱ्याच्या माणसाला सकाळी चर्चगेटकडे जायचं असेल, तर तो आधी विरारची गाडी पकडतो. जायचं दक्षिणेला आणि चढायचं उत्तरेच्या गाडीत! बाहेरच्याला हा वेडेपणा वाटेल. माझी मुलगी गेली चार वर्षं रोज हेच करते. अंधेरीला एका इस्पितळात ती नर्स आहे. विरारला पोचलेली लोकल तिथूनच परत सुटते, म्हणून आधीच आत शिरलेल्याला जागा मिळते. नालासोपाऱ्याच्या फलाटावर उभ्या असलेल्याला दार दिसतं, दारातली माणसं दिसतात, आणि गाडी निघून जाते. पास मात्र तिनं विरारपासूनचाच काढला आहे, हेही सांगून टाकतो.

गेल्या महिन्यात ती म्हणाली, "अब्बा, अंधेरीत मैत्रिणींबरोबर खोली घेऊ का?" मी गप्प बसलो. मग मनात आलं, गाड्या वाढवत का नाहीत? मी बी.ए. झालेला, कविता करणारा माणूस. तरी या प्रश्नाच्या मागे लागलो.

आमचं सोपारा म्हणजे जुनं शूर्पारक. एके काळचं मोठं बंदर. खाडी गाळानं भरली, जहाजं थांबली, आणि गाव पुष्कळ शतकं स्वस्थ झोपलं. १८६७ च्या एप्रिलमध्ये विरारहून मुंबईला पहिली लोकल सुटली, तीही दिवसाला एकच. विजेची गाडी विरारपर्यंत आली १९३६ मध्ये. माझ्या लहानपणी स्टेशनबाहेर मिठागरं आणि शेतं होती. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार महापालिकेची लोकसंख्या बारा लाखांवर गेलेली होती. मुंबईत घर परवडत नाही तो इकडे येतो, आणि कामाला परत मुंबईतच जातो.

आता रुळांचं गणित. बोरिवली ते विरार या टप्प्यात २००७ पर्यंत दोनच रूळमार्ग होते. एक जाण्याचा, एक येण्याचा. लोकल, मेल, मालगाडी सगळं त्यावरच. त्या वर्षी ते चार झाले आणि जलद गाड्यांना वेगळी वाट मिळाली. पण ही वाट पूर्ण आपली नाही. गुजरातकडून येणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्याही तिच्यावरूनच धावतात. गर्दीच्या वेळी दोन लोकलमध्ये साधारण तीन मिनिटांचं अंतर असतं. त्यात एक मेल घुसवायची तर लोकलला बाजूला थांबावं लागतं. म्हणजे डबे आणले, मोटरमन नेमले, तरी गाडी चालवायला रूळ मोकळा हवा.

यावर एक उपाय गाडी लांब करण्याचा. २००९ च्या नोव्हेंबरात दादर-विरार मार्गावर पंधरा डब्यांची लोकल आली. बाराऐवजी पंधरा, म्हणजे एका फेरीत पाव पट जास्त माणसं. पण त्यासाठी फलाटही लांब लागतात, म्हणून धीम्या मार्गावर ती यायला २०२१ उजाडलं. दुसरा उपाय बोरिवली-विरार पाचव्या-सहाव्या मार्गिकेचा, म्हणजे मेलगाड्यांची वाट वेगळी करण्याचा. सव्वीस किलोमीटरच्या या कामाला २०१९ मध्ये मंजुरी मिळाली. मध्ये वसईची खाडी आहे, तिच्यावर नवे पूल हवेत. काठाला खारफुटी आहे; सार्वजनिक कामासाठी ती तोडायची तर हायकोर्टाची परवानगी लागते. हे अडथळे मला चुकीचे वाटत नाहीत. ९-१० जुलै २०१८ ला नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले आणि वसई-विरार गाड्या बंद पडल्या. पाणी मुरायला जागा ठेवली नाही, तर सहावा रूळही बुडेल.

मात्र सगळं लक्ष चर्चगेटकडे लावून चालणार नाही. आमच्याकडची हजारो माणसं सातिवली, वालीवच्या गाळ्यांत कामाला जातात. तिकडे लोकल जात नाही. रेल्वे उत्तर-दक्षिण धावते आणि ही माणसं पूर्वेला जातात. त्यांच्यासाठी बसच हवी. महापालिकेची बससेवा २०१२ मध्ये सुरू झाली. पण पूर्वेला चाळी आधी उठल्या आणि रस्ते मागून आले. काही गल्ल्यांत बस वळूच शकत नाही. तिथं शेअर रिक्षा शिरते, तीन जागांवर पाच जणांना बसवून. लोकलच्या गर्दीच्या बातम्या होतात, या रिक्षाची होत नाही. माझ्या मते शहराला पहिल्यांदा हव्यात त्या लहान बसगाड्या आणि त्यांना थांबायला जागा. रूळ टाकायला वर्षं लागतात, बसथांबा उभारायला नाही.

मुलीनं खोलीचं भाडं सांगितलं तेव्हा तिची अम्मी काही बोलली नाही, कणीक मळत राहिली. पगारातला जवळजवळ निम्मा भाग होता. निर्णय अजून झालेला नाही. उद्या तिची सकाळची पाळी आहे, म्हणून पहाटेच्या नमाजानंतर मी तिला स्टेशनपर्यंत सोडायला जातो. एवढ्या लवकर विरारला जाणाऱ्या गाडीत अजून जागा असते.