फळमद्याचे आस्वादन

फळांचा रस किण्वनाने (आंबवण्याच्या क्रियेने) मद्यात रूपांतरित केला किंवा तयार बिअरमध्ये फळे मुरवली, म्हणजे जी सौम्य पेये मिळतात त्यांची रंग, गंध, चव व स्पर्श यांवरून पारख करण्याच्या पद्धतीस फळमद्याचे आस्वादन म्हणतात. या पेयांत आंबटपणा हा दोष नसून तो त्यांचा कणा होय. तो किती आहे यापेक्षा कोठून आला आहे, हे ओळखणे हेच आस्वादकाचे मुख्य काम असते.

आंबट फळबिअरचा प्रसिद्ध प्रकार बेल्जियममधील ब्रूसेल्स आणि त्याच्या नैर्ऋत्येकडील सेन नदीचे खोरे येथे होतो. जवाचे माल्ट व सु. एकतृतीयांश न मोडवलेला गहू यांचा उकळलेला काढा थंडीच्या दिवसांत उथळ, उघड्या पात्रात रात्रभर निवत ठेवतात. त्यात यीस्ट मुद्दाम घालत नाहीत. हवेतील व लाकडी पिंपांतील सूक्ष्मजीवच किण्वन घडवून आणतात. या बिअरला ‘लँबिक’ म्हणतात. तीत आंबट चेरी कित्येक महिने मुरवली की ‘क्रीक’ तयार होते. क्रीकचा आंबटपणा काही अंशी चेरीतील मॅलिक अम्लाचा, पण मुख्यतः सूक्ष्मजंतूंनी निर्माण केलेल्या लॅक्टिक अम्लाचा असतो. तबेल्याची आठवण करून देणारा तिचा गंध नवख्याला विचित्र वाटतो. जाणकार मात्र तोच प्रथम शोधतात.

महाराष्ट्रात अशा बिअरची परंपरा नाही. तथापि आंबटपणाची हीच कसोटी सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातील द्राक्षमद्याला लावता येते. महाराष्ट्र शासनाने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केल्यानंतर राज्यात वाइननिर्मितीस चालना मिळाली. माळशिरस तालुक्यातील मोटेवाडी येथे फ्रातेल्ली या कंपनीची वाइनरी असून मोटेवाडी, गारवाड व निमगाव येथे तिचे मळे आहेत. ‘फ्रातेल्ली’ या इटालियन शब्दाचा अर्थ ‘भाऊ’ असा आहे. अकलूजचे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी व इटलीतील सेक्की अशा तीन घराण्यांतील भावांनी मिळून ती स्थापन केली. तस्कनी भागातील वाइनतज्ञ प्येरो मासी यांनी येथील मद्यांची घडण केली. तस्कनीतील ‘सांजोवेसे’ ही मुळातच आंबटपणा टिकवून धरणारी द्राक्षजात येथे लावण्यात आली. ही निवड या प्रदेशाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे.

तालुक्याचा उत्तर भाग नीरेच्या कालव्यांमुळे उसाचा असला, तरी एकंदर हवामान कोरडे व उष्ण आहे. द्राक्षात टार्टारिक व मॅलिक ही दोन प्रमुख अम्ले असतात. त्यांपैकी मॅलिक अम्ल फळ पिकताना श्वसनक्रियेत खर्च होते आणि उष्णता जितकी अधिक तितके ते लवकर संपते. यूरोपात द्राक्षे उन्हाळा सरता सरता पिकतात. महाराष्ट्रात एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी व पावसाळा संपताना गोडी छाटणी करून फळ हिवाळ्यात वाढवतात आणि साधारणपणे जानेवारी ते मार्च या काळात तोडणी करतात. थंड रात्री फळातील अम्ल राखतात. परंतु फेब्रुवारीअखेर ऊन चढू लागले की साखर वाढते व अम्ल घटते. तोडणी आठवडाभर लांबली तरी मद्य जड व मिळमिळीत होऊ शकते. ती फार लवकर केली, तर हिरवट चव राहते. अम्ल कमी पडल्यास उष्ण प्रदेशांत रसात टार्टारिक अम्ल मिसळतात. त्याचे प्रमाण चुकले, तर आंबटपणा इतर चवींत न मिसळता जिभेवर वेगळा उभा राहतो.

ही अम्ले ओळखण्यास आपल्याकडील स्वयंपाकघर पुरेसे आहे. टार्टारिक अम्ल म्हणजे चिंचेचा करकरीत आंबटपणा. मॅलिक अम्ल कच्च्या सफरचंदात असते. हरभऱ्याच्या पानांवर जमणाऱ्या आंबेतही ते असते व रब्बीच्या शेतात वावरलेल्या माणसाला ती चव शिकवावी लागत नाही. लॅक्टिक अम्ल ताकासारखे मऊ लागते. तांबड्या वाइनमध्ये बहुधा दुसरे, जंतुजन्य किण्वन होऊन मॅलिक अम्लाचे लॅक्टिक अम्ल बनते, त्यामुळे तिचा आंबटपणा बोचत नाही. नाकात झोंबणारा शिरक्याचा वास मात्र ॲसिटिक अम्लाचा असतो. क्रीकमध्ये तो किंचित चालतो. वाइनमध्ये स्पष्ट जाणवला तर ती बिघडली असे समजावे.

आंबट व तुरट यांची गल्लत पुष्कळांकडून होते. आंबटाने तोंडाला पाणी सुटते. तुरटाने तोंड कोरडे पडते. तुरटपणा सालीतील व बियांतील टॅनिनांमुळे येतो. काटेकोरपणे पाहता ती चव नसून स्पर्शसंवेदना आहे. घोट घेतल्यानंतर काही क्षण थांबून तोंड ओलावते की सुकते हे पाहिले, तर दोन्हींचा निवाडा होतो.

आस्वादनासाठी तोंडाकडे निमुळता होत जाणारा पेला एकतृतीयांश भरतात. पांढऱ्या कागदावर तो तिरका धरून रंग व निवळपणा पाहतात, प्रथम स्थिर व मग हलवलेल्या पेयाचा गंध घेतात आणि लहान घोट जिभेवर सर्वत्र फिरवतात. व्यावसायिक आस्वादक तो गिळत नाहीत, थुंकून टाकतात; एरवी काही नमुन्यांनंतरच निर्णयशक्ती मंदावते. तिखट जेवणानंतर पारख करणे व्यर्थ होय.

तांबडी वाइन खोलीच्या तापमानास द्यावी, हा पुस्तकी नियम थंड यूरोपीय घरांसाठी आहे. माळशिरसचे एप्रिलमधील तापमान ४० से.च्या आसपास जाते. अशा वेळी मद्यार्काचा भपकारा इतर गंध झाकून टाकतो, म्हणून तांबडी वाइन १५–१८ से. व पांढरी ८–१२ से. इतकी थंड करून घेतात. क्रीकही पांढऱ्या वाइनइतकीच थंड देतात. त्याहून अधिक गार केल्यास गंध दबतो आणि आंबटपणा तेवढा तीव्र जाणवतो.