कोयत्याच्या दराची बोलणी

दसरा झाला की बीड, पाथर्डी, शेवगाव, जालना, परभणी या भागांतून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या माणसांनी भरून पश्चिमेकडे निघतात. वर संसार बांधलेला, पत्र्याची पेटी, पीठमीठ, मधे लेकरे आणि एखादी शेळी. ज्या गावांत ही माणसे उतरतात तिथे आपण बागायतदार मंडळी एकच गोष्ट विचारतो, 'आपली तोड कधी येणार?' आणि ज्या गावांतून ती जातात तिथे मागे राहिलेली म्हातारी माणसे विचारतात, 'औंदा उचल फिटंल का?' आपले हे साप्ताहिक दोन्ही गावांत वाचले जाते, म्हणून हा विषय घेतला.

कारखान्याचे उसाचे बिल हातात आले की आपण एकूण रक्कम पाहतो आणि पावती घडी घालून ठेवतो. जरा नीट वाचा. त्यात तोडणी-वाहतूक म्हणून टनामागे रक्कम वजा झालेली असते. उसाचा सरकारी भाव हा कारखान्याच्या दारातला भाव, त्यामुळे फडापासून दारापर्यंतचा खर्च आपल्याच पदरातून जातो. मग या खर्चातला तोडणीचा दर ठरवतो कोण? आपल्याला कोणी विचारले नाही. मजुरालाही घरी येऊन कोणी विचारले नाही. तो ठरतो एका टेबलाभोवती. एका बाजूला साखर संघाची माणसे, दुसऱ्या बाजूला ऊसतोड कामगारांच्या संघटनांचे प्रतिनिधी. या दुसऱ्या बाजूला बसणाऱ्या माणसाचे काम काय असते, याची आपल्याला फारशी कल्पना नसते. भाषण करणारा पुढारी आपण ओळखतो. बोलणी करणारा माणूस निराळा.

असा एक माणूस मी जवळून पाहिला. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मी उसाच्या एका तालुक्यात विस्तार अधिकारी होतो. त्यांचे नाव इथे देत नाही, तोडकरी त्यांना तात्या म्हणत. स्वतः बारा हंगाम कोयता चालवलेला, पुढे संघटनेत आलेले. शिक्षण सातवी. खिशात मात्र नेहमी एक छोटी वही आणि शिसपेन्सिल.

त्या वर्षी ऐन डिसेंबरात वादळी पाऊस झाला आणि निम्म्या शिवारातला ऊस लोळला. लोळलेला ऊस तोडणे म्हणजे काय ते तोडणाऱ्यालाच ठाऊक. कांड्या एकमेकांत गुंतलेल्या, बूड सापडत नाही, पाचट ओले, पायाखाली चिखल. दर मात्र टनावर आणि तो उभ्या उसाचाच. टोळ्यांनी कोयते खाली ठेवले. कारखान्याचे शेतकी खाते म्हणे, दर वरून ठरलेला आहे, आम्हाला अधिकार नाही. इकडे शेतकरी घायकुतीला आलेले, कारण लोळलेल्या उसाला जमिनीवर डोळे फुटू लागतात आणि साखर उतरते. मी शेतकऱ्यांच्या बाजूने तिथे गेलो होतो. माझा असा समज, की संघटनेचा माणूस आता येईल, गेटसमोर घोषणा होतील.

तात्या आले ते थेट फडात गेले. कारखान्याकडे फिरकलेसुद्धा नाहीत. एका टोळीला म्हणाले, दोन दिवस तोडा, मी बसतो. बांधावर बसून त्यांनी मोळ्या मोजल्या. त्याच टोळीच्या आठवड्यापूर्वीच्या, उभ्या उसाच्या वजनाच्या पावत्या मुकादमाकडून मागवल्या. तिसऱ्या दिवशी शेतकी अधिकाऱ्यांच्या टेबलावर दोन्हीकडच्या पावत्या शेजारी शेजारी मांडल्या. माणसे तीच, कोयते तेच, तास उलट जास्तच, आणि वजन दोन तृतीयांशही नाही. 'साहेब, मला काही बोलायचं नाही, पावत्याच बोलतील,' एवढेच म्हणाले. बदली मिळाली म्हणून सांगत नाही, पण माझ्या नोकरीत इतका सरळ युक्तिवाद मी क्वचितच ऐकला. दुपारपर्यंत लोळलेल्या उसाला टनामागे काही जादा रक्कम आणि पावसाच्या दोन दिवसांचे किराणा सामान, असे ठरले.

टोळ्यांनी मागितले होते त्याच्या निम्मेच मिळाले होते. अवघड काम खरे तर पुढेच होते. रात्री कोप्यांवर जाऊन ते सांगायचे. मी उत्सुकतेने बरोबर गेलो. तरणी पोरे चिडली. एकाने तर 'तुमची सेटिंग झाली' असेही ऐकवले. तात्या रागावले नाहीत. कारखान्याने कुठपर्यंत मान्य केले, कुठे अडले, आणखी चार दिवस बसलो असतो तर पंधरवड्याच्या बिलातून किती गेले असते, सगळे वही काढून वाचून दाखवले. हे ऐकताना माझ्या लक्षात आले, की टेबलावर समोरच्याला पटवणे हा निम्माच भाग. उरलेला निम्मा आपल्याच माणसांना पटवण्याचा आणि तो रात्री, थंडीत, शिव्या खात करायचा.

शेवटी मागे चुलीजवळ बसलेली एक म्हातारी म्हणाली, 'बाबा, पान्याचं काय झालं?' प्यायचे पाणी दीड मैलावरून आणावे लागत होते. तात्या गप्प झाले. पाण्याचा मुद्दा त्यांच्या वहीत नव्हताच. दराच्या बोलण्यात कोणी काढला नव्हता, कारण दराचे बोलणारे सगळे पुरुष होते.

हे झाले गावपातळीचे. राज्याच्या दराची बोलणी मोठी असतात, आणि तिथे अडचणीही निराळ्या. गिरणीत किंवा कारखान्याच्या आतल्या कामगाराचे नाव हजेरीपटावर असते. त्यामुळे कोणती संघटना किती कामगारांची हे मोजता येते. २०२० साली संसदेने केलेल्या औद्योगिक संबंध संहितेत तर ५१ टक्के कामगार ज्या संघटनेचे सभासद, तीच वाटाघाटी करणारी, असे सूत्र आहे. ऊसतोड मजूर कोणाच्या पटावर आहे? कारखाना म्हणतो, माझा करार वाहतूक ठेकेदाराशी. ठेकेदाराचा मुकादमाशी. मुकादमाने मजुराला पावसाळ्यातच उचल दिलेली. म्हणजे मालक शोधायला जावे तर तो एक पाऊल मागेच सरकतो. म्हणून इथे कायद्यापेक्षा रिवाजावर भिस्त राहिली. साखर संघाशी करार, आणि जुळले नाही तर दोन्ही बाजूंना मान्य माणसांचा लवाद. बबनराव ढाकणे, गोपीनाथ मुंडे यांच्यासारख्या पुढाऱ्यांनी हा प्रश्न लावून धरला म्हणून ही वाट तरी पडली.

हमालांचे उदाहरण शेजारी ठेवून पाहा. माथाडी कामगारांसाठी १९६९ साली महाराष्ट्रात कायदा झाला. त्यामागे अण्णासाहेब पाटलांची चळवळ होती. त्यात मंडळ आले, मालकाने मजुरीवर लेव्ही भरायची सोय आली. आडतीवर पोते उचलणाऱ्याला जे कायद्याने मिळाले, ते मोळी उचलणाऱ्याला अजून मिळायचे आहे. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळ झाले, टनामागे कारखान्यांनी १० रुपये द्यायचे ठरले, हे चांगलेच. पण मंडळाकडून कल्याण आणि पटावरचा हक्क यांत फरक आहे, असे माझे मत.

बोलणीत वेळेला फार किंमत. संप करायचा तर तो गाव सोडण्यापूर्वी, म्हणजे कारखान्याचा बॉयलर पेटायच्या बेताला. त्या वेळी कारखान्याला माणसांची गरज असते आणि माणूस अजून आपल्या घरी असतो. पण त्याच वेळी त्याने उचल खाल्लेली असते आणि मुकादम दारात उभा असतो. एकदा फडावर पोचला, की परमुलुखात लेकरे घेऊन किती दिवस बसणार? कर्नाटकातले आणि गुजरातेतले कारखानेही टोळ्या नेतात, हा संघटनेच्या हातातला एक चांगला पत्ता. दुसरा पत्ता यंत्राचा. ऊसतोडणी यंत्राला टनामागे जे देता ते माणसाला का देत नाही, असे संघटना विचारतात. मात्र हा पत्ता जपून टाकावा लागतो, कारण यंत्रे वाढतच आहेत.

आता थोडे गणित, कारण दराच्या बातम्या टक्क्यांत येतात आणि टक्का फसवतो. २०२० च्या हंगामाला पुण्याजवळ मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये शरद पवार यांच्या उपस्थितीत १४ टक्के वाढ ठरली. पुढच्या करारासाठी बोलणी इतकी लांबली, की हंगाम सुरू होऊन दोन महिने झाले तरी दर ठरला नव्हता. अखेर जानेवारी २०२४ मध्ये पवार आणि पंकजा मुंडे यांच्या बैठकीत ३४ टक्के वाढीवर तडजोड झाली आणि मुकादमाच्या कमिशनमध्ये एक टक्का भर पडली. करार तीन वर्षांचा. आता २०२० पूर्वी ज्याला १०० रुपये मिळत, त्याला आधी ११४ झाले, आणि ११४ वर ३४ टक्के म्हणजे सुमारे १५३. पण ३४ टक्के ऐकायला मोठे वाटतात ते तीन हंगामांसाठी एकदम मिळालेले असतात. दर तीन वर्षे जागचा हलत नाही आणि तेलाचा डबा मात्र दर दिवाळीला हलतो. महागाई वर्षाला सहा टक्के धरली, तरी तीन वर्षांत १९ टक्के त्यातच विरतात. बोलणी करणाऱ्याला हे तोंडपाठ असावे लागते. शिवाय डोकीवर मोळ्या वाहणाऱ्या टोळीचा, टायरगाडीवाल्याचा आणि बैलगाडीवाल्याचा हिशेब निराळा. सरसकट टक्का वाढवला तर ज्याचा दर आधीच जास्त त्याच्या पदरात जास्त रुपये पडतात.

आणखी एक नाजूक गोष्ट. मुकादमाचे कमिशन मजुरीच्या टक्क्यावर असते, त्यामुळे दर वाढला की त्याचेही वाढते. दराच्या बोलणीत मुकादम आणि मजूर एका बाजूला. उचलीच्या हिशेबात तेच दोघे समोरासमोर. संघटनांत मुकादमांचा भरणा मोठा. म्हणून दरावर भांडणे जोरात होतात आणि उचलीच्या हिशेबाच्या पावतीवर कमी होतात. तात्यांनाही हे मान्य होते. 'मुकादमाला सोडून टोळी उभी राहत नाही आणि त्याला धरून सगळं बोलता येत नाही,' असे ते म्हणत.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना १८८४ साली उभी केली आणि १८९० साली मालकांकडून रविवारची सुट्टी मिळवली. ऊसतोड मजुराला हंगामात अजून रविवार नाही. बाईला तर मुळीच नाही. नवराबायको मिळून एक कोयता धरतात. तोडतो तो आणि मोळी बांधून डोक्यावर गाडीपर्यंत नेते ती. उचलीचा व्यवहार मात्र बहुधा त्याच्या नावे. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या समितीने केली. ८२ हजारांवर स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची अशी शस्त्रक्रिया झालेली आढळली. पाळीच्या दिवसांत सुट्टी नाही, खाडा केला तर पैसे कापतात, फडावर आडोसा नाही, पाणी नाही, ही कारणे त्या बायाच सांगत होत्या. टनाच्या दरात यातले काय बसणार? चुलीजवळच्या त्या म्हातारीचा प्रश्न मला तेव्हा पुन्हा आठवला.

पुढच्या हंगामात तात्या भेटले तेव्हा बोलणीला त्यांच्याबरोबर दोन बाया होत्या. एक तर बोलताना पदराचे टोक सारखे पिळत होती. पण कोप्यांजवळ टँकर उभा करायचा हे तिनेच कबूल करून घेतले, आणि तो रोज किती वाजता हेसुद्धा. वेळेचे तात्यांना सुचले नसते, हे त्यांनीच मला सांगितले.

शेतकरी बंधूंची एक तक्रारही खरी आहे. तोडीला आलेली टोळी खुशाली मागते, ऊस बुडातून न तोडता चार बोटे वर तोडते. बुडात साखर सर्वांत जास्त, ती रानात राहते; वर ठेवलेल्या बुडख्यामुळे खोडवाही नीट फुटत नाही, कारण कोंब जमिनीखालून न येता वरून येतात. ही तक्रार मी तात्यांपुढे मांडली. त्यांनी वही काढली. विचारले, 'बुडातून तोडलं तर एकरी किती टन वाढतील?' मी म्हणालो, रानागणिक फरक पडेल, मोजून सांगतो. दोघांनी मिळून एका शेतकऱ्याच्या रानात काही सऱ्या जमिनीलगत तोडून घेतल्या, काही नेहमीसारख्या. वजनात फरक आला, आणि वेळेतही आला. वाकून तोडायला जास्त वेळ लागतो. तात्यांनी दोन्ही आकडे लिहून घेतले. म्हणाले, 'म्हणजे शेतकऱ्याचं टन वाढतं अन् माझ्या माणसाचा रोज घटतो. या दोन आकड्यांच्या मधे कुठंतरी जादा दर मागता येईल.'

तशी मागणी त्यांनी संघटनेकडे लिहून दिली होती. ती अजून कोणत्याही करारात आलेली माझ्या पाहण्यात नाही. जानेवारी २०२४ चा करार २०२५-२६ च्या हंगामापर्यंतचा होता.