एका वेळी एकच चित्र

लहान मुलासाठी पुस्तक घेताना आपण बहुधा पानं चाळून चित्रं किती आहेत तेवढं बघतो. दोन्ही पानं रंगांनी भरलेली, कोपऱ्याकोपऱ्यात काहीतरी चाललेलं, जमल्यास उघडझाप करणाऱ्या खिडक्या. अशी पंधरा-वीस पुस्तकं घरात आली की पोराचे शब्द आपोआप वाढतील, असा आपला भरवसा असतो. गेल्या पंधरा-वीस वर्षांतल्या प्रयोगांत मात्र त्याला फारसा आधार सापडत नाही. नवा शब्द कानावर पडतो तेव्हा मुलाची नजर नेमक्या त्याच वस्तूवर असावी लागते, आणि नजर तिथे पोचायला सवड लागते. चित्रांची गर्दी आणि पुस्तकांची रेलचेल, दोन्ही ही सवड खातात.

समजा, डाव्या पानावर विहीर आहे: रहाट, दोर, कळशी, काठावर कावळा. उजव्या पानावर अंगण, तुळशीवृंदावन आणि शेपूट हलवणारं कुत्र्याचं पिल्लू. आई वाचते, ‘आजीने रहाट फिरवला.’ आपण डावं पान वाचतोय हे तिला ठाऊक असतं, कारण तिला अक्षरं वाचता येतात. तीन वर्षांच्या मुलाला अक्षरं म्हणजे नुसती नक्षी. त्याच्या लेखी ‘रहाट’ हे समोरच्या कुठल्याही वस्तूचं नाव असू शकतं, आणि डोळे तर पिल्लावर खिळलेले. ब्रिटनमधल्या ससेक्स विद्यापीठात झोई फ्लॅक आणि जेसिका हॉर्स्ट यांनी नेमकं हेच तपासलं. काही मुलांना एका वेळी एकच चित्र दाखवून गोष्ट वाचली, काहींना समोरासमोर दोन चित्रं दाखवून. एकच चित्र पाहणारी मुलं जवळपास दुप्पट शब्द शिकली. पुढच्या प्रयोगात वाचणाऱ्याने आधी योग्य चित्रावरून हात फिरवला, तेव्हा दोन चित्रं असूनही मुलांना शब्द उमगले. खिडक्या-झडपांच्या पुस्तकांचंही असंच. ती हाताळण्यात मुलं रमतात, पण साध्या पुस्तकाच्या मानाने त्यांतून कमी शिकतात, असं 2010च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं.

एका पानाला लागू पडणारी गोष्ट सगळ्या कपाटालाही लागू पडते. हॉर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011मध्ये तीन वर्षांच्या मुलांचे दोन गट केले. एका गटाने प्रत्येक बैठकीत तीच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकली, दुसऱ्याने वेगवेगळ्या गोष्टी. ‘स्प्रॉक’सारखे बनावट शब्द दोघांच्याही कानांवर सारख्याच वेळा पडले. तरी तीच गोष्ट ऐकणाऱ्यांना आठवड्याभराने शब्द अधिक आठवले. कारण समजण्याजोगं आहे. पहिल्या वाचनात मुलाचं लक्ष कोण आहे, काय झालं, पुढे काय यातच खर्ची पडतं. गोष्ट ओळखीची झाली की पुढचं पान उलटण्याआधीच त्याला ते माहीत असतं आणि अनोळखी वस्तूकडे बघायला फुरसत मिळते. ‘परत तीच’ म्हणून हट्ट धरणारं मूल मोठ्यांचा अंत पाहतं खरं, पण शब्दांच्या हिशेबात त्याचंच बरोबर असतं.

यावर एक आक्षेप रास्त आहे: प्रयोगातली मोजकी मुलं आणि खोटे शब्द यांवरून घरातल्या वाचनाबद्दल काय सांगणार? बनावट शब्द घ्यावेच लागतात, नाहीतर मूल तो शब्द आधी कुठे ऐकून आलं होतं का, हे कळणार नाही. पण अशा प्रयोगांच्या चाचणीत होतं तसं चार वस्तूंतून योग्य वस्तू निवडणं म्हणजे शब्द आपला होणं नव्हे, हेही मान्य. म्हणूनच ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट यांचा 1988चा प्रयोग मला अधिक वजनदार वाटतो. तिथे पुस्तकं खरी होती, घर मुलांचंच होतं आणि वाचणारे आई-बाबाच होते. निम्म्या पालकांना थांबून ‘हे काय करतंय?’ असं विचारायला आणि मुलाचं तुटक उत्तर पूर्ण करून म्हणायला शिकवलं होतं. महिन्याभरात त्यांची मुलं बोलण्याच्या चाचण्यांत इतरांच्या कित्येक महिने पुढे गेली. प्रश्न विचारायला थांबणं म्हणजे तरी काय? मुलाची नजर एका ठिकाणी ठरू देणंच.

दुसरा आक्षेप विविधतेचा. शंभर चित्रपुस्तकांची मुलांशी होणाऱ्या रोजच्या बोलण्याशी तुलना केली, तर पुस्तकांत वेगवेगळे शब्द अधिक भरतात, असं जेसिका मॉन्टॅग यांच्या 2015च्या अभ्यासात आढळलं. मग पुस्तकं कमी कशी चालतील? कमी चालणारच नाहीत; प्रश्न क्रमाचा आहे. रहाट आधी एका चित्राला घट्ट चिकटू द्यावा, मग दुसऱ्या पुस्तकातला, जमल्यास खराखुरा दाखवावा. एकाच पुस्तकावर थांबलं तर तो शब्द त्या पानापुरताच राहण्याचा धोका उरतोच. शिवाय हे सारं अक्षरओळख नसलेल्या वयाबद्दल आहे. सहा-सात वर्षांचं मूल स्वतः वाचू लागलं की कुठलं पान चाललंय हे त्याला ओळींवरूनच कळतं. मग गजबजलेलं पान खुशाल त्याच्या पुढ्यात ठेवावं.