भरलेल्या पिकअप व्हॅनची सुरक्षित हाताळणी

क्षेत्रफळाच्या दृष्टीने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा असलेला अहमदनगर जिल्हा २०२४ सालापासून अहिल्यानगर या नावाने ओळखला जातो. एवढ्या विस्तीर्ण जिल्ह्यात शेतमालाला बाजार गाठण्यासाठी लांबची वाट चालावी लागते. पारनेर व पाथर्डी भागातील कांदा नगरजवळील नेप्ती उपबाजारात किंवा नेवासे तालुक्यातील घोडेगावच्या बाजारात येतो. संगमनेर व अकोले तालुक्यांतील टोमॅटो व भाजीपाला पुण्याकडे रवाना होतो. या वाटांवर घाट आहेत. पाथर्डीच्या रस्त्यावर करंजी घाट, नगर व घोडेगाव यांच्या दरम्यान इमामपूर घाट आणि पुणे-नाशिक रस्त्यावर चंदनापुरी घाट लागतो.

पूर्वी हा माल बैलगाडीने जात असे. आता बहुतेक गावांत पिकअप व्हॅन किंवा छोटा टेम्पो असतो. वाहन घरचे झाले, वेळ वाचला, हीही प्रगतीच होय. परंतु रिकामे वाहन चालविण्याचा सराव असलेला मनुष्य भरलेले वाहनही तसेच चालवू पाहतो व येथेच धोका उत्पन्न होतो. भरलेल्या वाहनाचे स्टिअरिंग, ब्रेक व गिअर तेच असले तरी त्यांच्यावर पडणारे काम निराळे असते. ते काम कोणते हे समजून घेतल्यास पुढे दिलेली प्रत्येक सूचना आपोआप पटते.

वजनाचा हिशेब

वाहनात किती माल भरावा हे हौद्याच्या उंचीवरून ठरवू नये. नोंदणीपत्रात वाहनाचे रिकामे वजन व मालासह एकूण वजन अशा दोन नोंदी असतात. समजा, रिकामे वजन १,५०० किलो व एकूण वजन २,९०० किलो आहे. फरक १,४०० किलोंचा झाला. त्यातून चालक व सोबती यांचे १५० किलो वजा केल्यास १,२५० किलो उरतात. म्हणजे ५० किलोंच्या २५ गोण्या. सव्विसावी गोणी ही नफा नसून ब्रेक, पाटे व टायर यांच्यावरील कर्ज होय.

नव्या बनावटीच्या वाहनाचे ब्रेक रिकाम्या व भरलेल्या अशा दोन्ही अवस्थांत तपासले जातात. अशी तपासणी करणाऱ्या देशातील मोजक्या संस्थांपैकी संरक्षण खात्याची वाहन संशोधन व विकास संस्था नगर येथेच आहे. ठरलेल्या वजनापलीकडे भरलेले वाहन कसे थांबेल याची हमी मात्र कोणत्याही तपासणीत मिळत नाही.

पाण्याच्या टाकीविषयी विशेष काळजी घ्यावी. १,००० लिटर पाणी म्हणजे १,००० किलो वजन होय. टंचाईच्या दिवसांत पिकअपवर टाकी ठेवून पाणी आणले जाते. टाकी अर्धवट भरलेली असल्यास वळणावर पाणी एका बाजूस धावते व वाहनाला त्याच बाजूस ओढते. म्हणून टाकी पूर्ण भरावी किंवा पूर्ण रिकामी असावी, आणि ती हौद्याला घट्ट बांधलेली असावी. पूर्ण भरल्याने ठरलेले वजन ओलांडले जात असेल तर लहान टाकी घ्यावी.

जड माल खाली व दोन्ही बाजूंना समान ठेवावा. तो सर्वस्वी मागे ठेवल्यास पुढची चाके हलकी होतात व स्टिअरिंग वळवूनही वाहन नीट वळत नाही. फाळका लावून त्याच्या दोन्ही कड्या पाहाव्यात. ताडपत्रीचा सैल कोपरा मागच्या दिव्यांवर येऊ देऊ नये.

निघण्यापूर्वीची पाहणी

ही पाहणी पाच मिनिटांत होते. टायरची हवा माल भरण्यापूर्वी, टायर थंड असताना तपासावी. भरलेल्या वाहनासाठी मागच्या टायरना अधिक हवा लागते व तिचा आकडा बहुधा दरवाजाच्या चौकटीवर किंवा वाहनाच्या पुस्तिकेत दिलेला असतो. इंजिनातील तेल, रेडिएटरचे पाणी व ब्रेकचे तेल पाहावे. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेते व ओलावा मिसळलेले तेल तापल्यावर लवकर उकळते. म्हणून ते पुस्तिकेत सांगितलेल्या मुदतीत, साधारणतः दोन वर्षांनी, बदलून घ्यावे.

त्यानंतर चालकाने आसन असे सरकवावे की क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहील. दोन्ही बाजूंचे आरसे आसनावर बसून लावावेत. हौदा भरल्यावर आतील आरशातून मागचे काहीच दिसत नाही, त्यामुळे बाजूचे आरसे हेच मागचे डोळे होत. आसनपट्टा बांधावा व सोबत्यासही बांधावयास लावावा. चालकाच्या पायाशी पाण्याची बाटली किंवा चप्पल मोकळी ठेवू नये. ती ब्रेकखाली अडकल्यास पाय असून उपयोग होत नाही.

चावी फिरविताच समोरच्या फलकावर दिवे लागतात व इंजिन सुरू झाल्यावर ते विझले पाहिजेत. तेलाचा दाब, बॅटरी, तापमान किंवा ब्रेक यांपैकी कोणताही लाल दिवा चालताना लागला तर वाहन बाजूस घेऊन थांबावे. पिवळा दिवा लागल्यास तो कारागिरास लवकर दाखवावा. इंजिन तापले असता रेडिएटरचे झाकण उघडू नये. उकळते पाणी उसळून तोंड व हात भाजतात.

वेग, अंतर व ब्रेक

ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच १७ मीटर संपतात. वेग ३० वरून ६० वर नेल्यास ब्रेकला शोषून घ्यावी लागणारी शक्ती दुप्पट नव्हे, चौपट होते. त्यात वरील उदाहरणाप्रमाणे वजन १,५०० वरून २,९०० किलोंवर गेले तर तीच शक्ती पुन्हा जवळजवळ दुप्पट होते. म्हणून भरलेल्या वाहनाने पुढील वाहनापासून रिकाम्यापेक्षा बरेच अधिक अंतर राखावे.

ब्रेक दाबल्यावर चाके अडकून वाहन घसरू लागल्यास पाय थोडा सैल करून पुन्हा दाबावा. ज्या वाहनात चाके अडकू न देणारी यंत्रणा बसविलेली आहे, तेथे मात्र ब्रेक जोराने दाबूनच धरावा. अशा वेळी पायाखाली होणारी थरथर हा बिघाड नव्हे.

घाट कसा उतरावा

बैलगाडी उतारावर येताच जाणता गाडीवान काय करीत असे हे आठवावे. तो बैलांना धावू देत नसे. बैल पाय रोवून जूं मागे रेटीत व गाडीचा भार आपल्या मानेवर तोलून धरीत. उतारावर बैल सोडून गाडी तशीच लोटून देणारा गाडीवान कोणी पाहिला नसेल. मोटारवाहनात बैलांचे हे काम इंजिन करते. वाहन खालच्या गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरील पाय काढला की चाकांना इंजिन फिरवावे लागते व त्यायोगे वेग रोखला जातो. उतारावर गिअर काढून न्यूट्रल करणे म्हणजे भरल्या गाडीचे बैल सोडून देणे होय.

न्यूट्रल केल्याने डिझेल वाचते अशी समजूत आहे. ती आजच्या वाहनांच्या बाबतीत खरी नाही. विद्युत-नियंत्रित इंधनयंत्रणा असलेल्या इंजिनात, गिअर असताना उतारावर ॲक्सिलरेटर सोडल्यास इंधनाचा पुरवठा बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी डिझेल जळतच राहते. इंजिन बंद करून उतरणे तर याहून घातक आहे. ब्रेकला जोर देणारी यंत्रणा इंजिनावर चालते. इंजिन बंद पडल्यावर दोन-तीन वेळा ब्रेक दाबला की तो दगडासारखा कठीण होतो. शक्तिचलित स्टिअरिंग जड होते व चावी काढल्यास ते कुलूपबंद होण्याची भीती असते.

उताराची शक्ती किती असते हे एका हिशेबावरून कळेल. हवेचा व रस्त्याचा विरोध सोडून दिला तर १०० मीटर उंचीवरून न्यूट्रलमध्ये, ब्रेक न लावता उतरलेल्या वाहनाचा वेग ताशी सुमारे १६० किलोमीटर होईल. एवढी सर्व शक्ती केवळ ब्रेकनेच रोखावयाची ठरविल्यास ती उष्णता होऊन ब्रेकमध्ये साठते. ब्रेकचे अस्तर तापून त्याची पकड सुटते, तेल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल तळाशी जाते. जळका वास येणे ही याची पहिली सूचना होय.

म्हणून ज्या गिअरमध्ये तो घाट चढता येतो, त्याच गिअरमध्ये उतरावा, व हा गिअर उतार लागण्यापूर्वीच टाकावा. वेग वाढल्यावर खालचा गिअर पडत नाही व वाहन न्यूट्रलमध्येच राहून जाते. ब्रेकवर पाय सतत टेकवून ठेवू नये. वेग वाढला की ब्रेक ठामपणे दाबून वेग कमी करावा व पाय काढून घ्यावा, म्हणजे ब्रेकला थंड होण्यास अवधी मिळतो. जळका वास आल्यास सुरक्षित जागी थांबून ब्रेक आपोआप थंड होऊ द्यावेत. तापलेल्या ब्रेकवर पाणी ओतू नये.

इतके करूनही ब्रेक निकामी झाल्यास इंजिन बंद करू नये. पेडल भराभर दाबावे, एकेक गिअर खाली आणावा, हँडब्रेक हळूहळू ओढावा, हॉर्न व चारही इंडिकेटर चालू ठेवावेत आणि दरीची बाजू सोडून डोंगराच्या बाजूस, शक्य तर मातीच्या ढिगाकडे, वाहन न्यावे.

थांबणे व रात्रीचा प्रवास

उतारावर वाहन उभे करताना हँडब्रेक ओढून इंजिन बंद करावे व गिअरही टाकून ठेवावा. तोंड चढाकडे असल्यास पहिला गिअर, उताराकडे असल्यास रिव्हर्स गिअर टाकावा. चाकाखाली लाकडी ठोकळा किंवा दगड लावावा व निघताना तो रस्त्यावर सोडून जाऊ नये. वाहन मागे घेताना एका माणसास खाली उतरवून चालकाच्या बाजूस, आरशात दिसेल असे उभे करावे. अंगणातील लहान मूल आरशात दिसत नाही. ते कोठे आहे याची आधी खात्री करून घ्यावी.

गळीत हंगामात कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर, नेवासे या भागांतील रस्त्यांवर रात्री उसाच्या ट्रॉल्या व बैलगाड्या असतात. पुष्कळदा त्यांना मागे दिवा नसतो. दिव्याच्या प्रकाशात जेवढे अंतर दिसते, तेवढ्यात थांबता येईल एवढाच वेग ठेवावा. समोरून वाहन आल्यास डिपर द्यावा. मालाने वाहनाचे मागचे अंग दबल्यास पुढचे दिवे वर उचलले जातात व समोरच्याचे डोळे दिपतात. दिव्यांची उंची खाली-वर करण्याचे बटण असल्यास ते माल भरल्यावर खाली करावे.

कायद्याच्या गोष्टी

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार अतिरिक्त भारासाठी २०,००० रुपये व प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंडाची तरतूद आहे. ७,५०० किलोंपर्यंत एकूण वजनाचे मालवाहू वाहन हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालविता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला. परंतु परवाना मुळीच नसलेल्या किंवा अठरा वर्षांखालील मुलाच्या हाती वाहन देण्यास यामुळे मुभा मिळत नाही.

गोण्यांवर माणसे बसविण्याची चाल सर्वथा बंद झाली पाहिजे. बाजाराला जाताना शेजारी, सुगीत मजूर, लग्नसराईत वऱ्हाड मालाच्या हौद्यात बसते. तेथे पट्टा नसतो, धरावयास काही नसते व वाहन कलंडल्यास माल अंगावर येतो. एका फेरीचे भाडे वाचविण्यासाठी घरातील कमावता माणूस गमावणे हा व्यवहार कोणत्याही हिशेबात बसत नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामाच्या आरंभी गावातील वाहनधारकांस एकत्र जमवावे. प्रत्येकाच्या नोंदणीपत्रावरून गोण्यांची संख्या काढून ती चालकाच्या समोर मोठ्या आकड्यात लिहून द्यावी. जवळच्या घाटाचा उतार कोठे सुरू होतो व कोणता गिअर कोठे टाकावा, हे जाणत्या चालकाकडून प्रत्यक्ष दाखवून घ्यावे. या कामास पैसा लागत नाही. वर्षभराच्या कष्टाचा माल आणि तो नेणारा माणूस, दोघेही बाजारास सुखरूप पोहोचून सायंकाळी माणूस घरी परतला, म्हणजे हे काम सिद्धीस गेले असे समजावे.