नाणे घासण्यापूर्वी

दिवाळी आली की ठाण्या-कल्याणच्या घराघरांत तांब्यापितळेची भांडी चिंच लावून लखलखीत केली जातात. भांड्यांना ते शोभते. पण त्याच उत्साहात एखाद्या जुन्या हिरवट नाण्यावरही चिंचेचा हात फिरतो, आणि माझ्यासारख्या नाण्यांच्या नादी लागलेल्या माणसाच्या काळजात चर्र होते. त्या पुटाबरोबर अक्षरेही जातात हो!

आज कल्याण म्हटले की लोकलगाड्यांची गर्दी आठवते. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात मात्र त्याचे नाव ‘कल्लिएना’ बंदर म्हणून येते. तेथे चुकून लागलेली ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचला नेली जात, असे त्यात म्हटले आहे. सहाव्या शतकात कॉसमस हा अलेक्झांड्रियाचा व्यापारी याच बंदरातून तांबे आणि कापड परदेशी जाते असे लिहितो. मधल्या चौथ्या-पाचव्या शतकांत रोमची चिमुकली ब्राँझची नाणी मदुराई, करूर आणि लंकेत भरपूर पोहोचली. लंकेत तर त्यांच्या नकलाही पाडल्या गेल्या. तेव्हा कल्याणचे दळणवळण कसे होते, याची साक्ष द्यायला अशी नाणीच हवीत.

ती ओळखायची कशी? आकार पाहा. पुष्कळशी आपल्या १९५७ च्या नव्या पैशाएवढी, म्हणजे सुमारे १६ मिलिमीटरची, किंवा त्याहून लहान असतात. एका बाजूस उजवीकडे पाहणारा, बहुधा मोत्यांची पट्टी बांधलेला बादशहा. मग नाणे उलटा. दोन शिपाई आणि मधे दोन निशाणे असली, तर काळ ३३० ते ३३५. निशाण एकच असले, तर त्यानंतरच्या पाच-सहा वर्षांचा. घोड्यावरून कोसळणाऱ्या शत्रूला भाला मारणारा सैनिक ३४८ नंतरचा. पंखवाली विजयदेवी कैद्याला फरफटत नेत असेल, तर शतकाची अखेर आली म्हणा. चित्राच्या खाली टाकसाळीची अक्षरे असतात: ‘अले’ म्हणजे अलेक्झांड्रिया, ‘अन्’ म्हणजे अँटिओक. भिंग घ्या आणि उजेड तिरका पाडा.

नुसत्या मुखवट्याने मात्र फसू नका. क्षत्रपांच्या चांदीच्या नाण्यांवरही राजाचे डोके आणि बिघडलेली ग्रीक अक्षरे असतात. पण मागे तीन कमानींचा डोंगर आणि ब्राह्मी लेख असतो. ठाणे ज्या साष्टी बेटावर वसले आहे, तेथे कलचुरी कृष्णराजाची नाणी मिळाली आहेत. त्यांच्या पाठीवर नंदी बसलेला असतो.

आता खरी गोष्ट. डोंबिवली-कल्याणात रोज कोठे ना कोठे पाया खणला जातो. तेथे निघालेले नाणे बाजारात गेले, की ते कोणत्या गावच्या मातीतले हे कायमचे पुसले जाते, आणि मग रोमन असूनही ते कल्याणविषयी चकार शब्द बोलत नाही. दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे, असे १८७८ चा कायदाही सांगतो.

तेव्हा चिंच भांड्यांपुरतीच ठेवा. नाणे कागदात गुंडाळा आणि त्यावर चार ओळी लिहा: कोठे सापडले, किती खोल, कशासोबत आणि कोणत्या दिवशी.