भूमध्य समुद्राची सफर, आपल्या पैठण-तेरपासून



सहावीच्या इतिहासात 'प्राचीन भारत आणि जग' हा पाठ आहे. पाठ छोटा आहे, पण देवगाव फाट्यासारख्या ठिकाणी तो शिकवताना अडचण येते. आमच्या बहुतेक मुलांनी समुद्र पाहिलेलाच नाही. मोठं पाणी म्हणजे सेलूजवळचं निम्न दुधना धरण, तेवढंच. मग रोम, इजिप्त, भूमध्य समुद्र ही नावं मुलं पाठ करतात आणि पेपर झाला की विसरून जातात. म्हणून मी हा पाठ एका जहाजाच्या सफरीपासून सुरू करते.

हल्ली मोबाईलवर भूमध्य समुद्रातल्या छोट्या, आलिशान जहाजांच्या जाहिराती दिसतात. रात्रभर जहाज चालतं, सकाळी एखाद्या बंदराला लागतं. लोक उतरतात, दोन हजार वर्षांपूर्वीचे अवशेष पाहतात आणि संध्याकाळी जेवायला परत जहाजावर. अथेन्स, डेलॉस बेट, तुर्कस्तानातलं इफेसस, इटलीतलं पॉम्पेई. खर्च माणशी लाखांत जातो. आपण काही जाणार नाही, पण नकाशावर बोट फिरवायला पैसे लागत नाहीत.

मुलं विचारतात, एवढे पैसे घेतात तर जहाज छोटं का? कारण लहान बंदरांत आणि अरुंद वाटांत मोठं जहाज शिरत नाही. ग्रीसमधला कॉरिंथचा कालवा १८९३ मध्ये सुरू झाला. तो सहा किलोमीटरांहून थोडा लांब आहे, पण तळाशी रुंदी जेमतेम २१ मीटर. शाळेच्या मैदानात टेप धरून २१ मीटर मोजायला लावा. पोरं स्वतःच म्हणतात, "एवढ्यातून जहाज जातं?"

आता मुद्द्याचं. हीच सफर दोन हजार वर्षांपूर्वी उलट्या दिशेने, म्हणजे आपल्याकडून तिकडे होत होती. माणसांपेक्षा मालाची जास्त. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' हे पुस्तक लिहिलं. त्याचं नाव कुणालाच माहीत नाही. कोणत्या बंदरात काय विकावं, काय घ्यावं याची ती माहिती आहे. त्यात सोपारा आहे, कल्याण आहे, चौल आहे. आणि पैठण व तेरसुद्धा आहे. तेरचं तेव्हाचं नाव तगर. पैठणहून गोमेदासारखे रंगीत दगड आणि तगरहून भरपूर कापड गाड्यांवर लादून, वाट नसलेल्या मुलखातून भरूचच्या बंदराला जात असे, असं त्यात आहे. समुद्रापासून इतक्या आतल्या मराठवाड्याची नावं त्या पुस्तकात येतात, हे मुलांना जरा थांबून सांगा.

भरूचहून पुढची वाट भिंतीवरच्या नकाशावर दोऱ्याने दाखवता येते. अरबी समुद्र ओलांडून तांबड्या समुद्रात, तिथे बेरेनिकेसारख्या बंदरात माल उतरायचा. मग उंटांवरून वाळवंट पार करून नाईल नदीपर्यंत, नदीतून अलेक्झांड्रिया आणि तिथून भूमध्य समुद्र ओलांडून इटली. सुएझ कालवा तेव्हा नव्हता. नकाशावर कालवा छापलेला असतो म्हणून मुलं दोरा तिथूनच नेतात, तेवढं लक्ष ठेवा.

हे सगळं खरं कशावरून? पॉम्पेई हे शहर इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. १९३८ मध्ये तिथल्या एका घराच्या उत्खननात हस्तिदंताची भारतीय स्त्रीमूर्ती निघाली. उंची साधारण २४ सेंटीमीटर, म्हणजे आपल्या फूटपट्टीपेक्षा थोडी कमी. अंगावर दागिने, दोन्ही बाजूंना लहान सख्या. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिच्याशी जुळणाऱ्या हस्तिदंती मूर्ती तेरला आणि आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यात भोकरदनला सापडल्या आहेत. ती नेमकी कुठे घडली यावर अभ्यासकांचं एकमत नाही, पण काही जण भोकरदनकडे बोट दाखवतात. तिकडून इकडे आलेली वस्तूही आहे. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकडीवर ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन याची छोटी काशाची मूर्ती मिळाली.

भूगोलही इथेच जोडून घ्यावा. भूमध्य समुद्रात भरती-ओहोटी नावालाच असते, त्यामुळे दगडी धक्क्याला जहाज कधीही लागू शकतं. आपल्या किनाऱ्यावर तसं नाही. भरूचच्या खाडीत पाणी इतक्या जोराने चढतं-उतरतं की परदेशी जहाजांना आत आणायला तिथल्या राजाचे कोळी आपल्या होड्या घेऊन पुढे जात. हेही त्याच पुस्तकात आहे. आणि वारा! इजिप्तहून जहाजं जुलैच्या सुमारास निघत, आपला नैऋत्य मोसमी वारा पाठीशी घेऊन. ज्या वाऱ्याची आपण सोयाबीन-कापूस पेरून वाट बघतो, तोच हा वारा. परतताना हिवाळ्यातला ईशान्येचा. वर्गात एवढं सांगितलं की पावसावरची चर्चा आपोआप रंगते, कारण पावसाबद्दल आमच्या मुलांना आपल्यापेक्षा जास्त कळतं.

एक उपक्रम देते. पेरिप्लसमध्ये भरूचपासून पैठण वीस दिवसांवर आणि पैठणपासून तगर दहा दिवसांवर आहे. "बैलगाडी दिवसाला किती कोस चालते, हे आजोबांना विचारून या," असं सांगा. आमच्याकडे सहा-सात कोसांच्या आसपास उत्तरं आली. कोस साधारण तीन किलोमीटरचा धरला, तर वीस दिवसांत चारशेच्या आसपास किलोमीटर होतात आणि नकाशावर ते बऱ्यापैकी जुळतं. दिशा मात्र तपासायला लावा. पुस्तकात तगर पैठणच्या पूर्वेला आहे, नकाशात ते आग्नेयेला दिसतं. लिहिणारा स्वतः आत आला नसावा, गाडीवानांकडून ऐकलेलं लिहिलं असावं, असा अंदाज मुलांनीच बांधू द्या.

आता पालकांसाठी. सहलीचा विषय निघाला की वॉटर पार्कची मागणी आधी येते. मुलांनी पाण्यात खेळावं, त्याला माझी ना नाही. पण एक वर्ष तरी तेर धरून बघा. आपल्याला ते संत गोरोबाकाकांचं गाव म्हणून माहीत असतं. समाधीचं दर्शन होईलच. त्याच गावात रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचं शासकीय संग्रहालय आहे, तिथे सातवाहन काळातले मणी, मातीच्या मूर्ती आणि हस्तिदंती वस्तू आहेत. पहाटे एसटी ठरवून निघालं तर रात्री घरी येता येतं. जाण्याआधी संग्रहालय कोणत्या वारी बंद असतं ते फोन करून विचारून घ्या, आणि प्रत्येक मुलाजवळ वही-पेन्सिल असू द्या. काचेआडच्या वस्तूचं चित्र काढताना मूल ती वस्तू जितकी नीट बघतं, तितकी ती मोबाईलवर फोटो काढताना बघत नाही.