सुंभ, पीळ आणि दार उघडणारी लेक

'सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही.' किती सहज बोलून जातो आपण हे! मोडेन पण वाकणार नाही, अशा हट्टी नातेवाइकाबद्दल बोलतो आणि तुरुंगातून सुटून आलेल्या माणसाबद्दल तर हमखास बोलतो. एकदा आत जाऊन आला की तो गेलाच वाया. पुन्हा चोरी करणार, पुन्हा पकडला जाणार. आपण आपलं दाराची कडी नीट लागली आहे ना, ते बघावं, झालं!

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे 'द आउटलॉज' ही ब्रिटिश विनोदी मालिका. लेकीने आग्रहाने लावून दिली आणि मग आम्ही तिघी, म्हणजे मी, लेक आणि सासूबाई, रोज रात्री एक भाग बघायला लागलो. सासूबाईंना इंग्रजी फारसं कळत नाही. पण माणसं कळतात, त्यामुळे अडलं नाही.

गोष्ट आहे इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरातली. किरकोळ गुन्ह्यांत सापडलेल्या सात जणांना समाजसेवेची शिक्षा मिळते. एक पडकी जुनी इमारत साफ करायची, रंगवायची आणि लोकांच्या उपयोगाची करून द्यायची. अंगात भडक रंगाची बंडी, पाठीवर शिक्षेचं नाव आणि डोक्यावर नियमांचा पाढा म्हणणारी मुकादमीण. ही शिक्षा खरोखरच तिकडे आहे बरं का! न्यायालय ४० ते ३०० तास बिनपगारी काम सांगू शकतं. २००८ च्या अखेरीपासून तर ही बंडीही आली, लोकांना दिसावं म्हणून.

लेखक-दिग्दर्शक स्टीफन मर्चंट हा 'द ऑफिस' या गाजलेल्या मालिकेच्या दोन जन्मदात्यांपैकी एक. तो मूळचा ब्रिस्टलकडचाच. त्याचे आई-वडील अशाच शिक्षेवर आलेल्या लोकांवर देखरेख करायचं काम करत. घरी ऐकलेल्या त्या किश्श्यांतून ही मालिका सुचली. त्याच्या जोडीचा निर्माता एल्गिन जेम्स हा अमेरिकी माणूस स्वतः एकेकाळी टोळीत असलेला आणि तुरुंगवास भोगून आलेला. त्यामुळे हसवता हसवता मध्येच काळजात चर्र होतं, ते उगीच नाही.

या सात जणांत एक मुलगी आहे राणी. वडील पोलिश, आई भारतीय. ऑक्सफर्डला जायला निघालेली ही हुशार मुलगी दुकानातून वस्तू उचलते. तिच्या आईची भूमिका केली आहे नीना वाडिया यांनी. त्यांचा जन्म मुंबईचा. 'लोक काय म्हणतील' हे त्यांच्या चेहऱ्यावर असं काही उमटतं, की सासूबाई म्हणाल्या, "ही आपल्यातलीच दिसते गं!"

पुढे होतं काय, तर या सात जणांच्या हाती नोटांनी भरलेली एक बॅग लागते. झालं! भल्या मार्गाला लावायला आणलेली ही मंडळी पैसे खर्च करून बसतात आणि मग खऱ्याखुऱ्या गुंडांच्या तावडीत सापडतात. शिक्षा भोगता भोगता आधीपेक्षा मोठे गुन्हे! विनोद त्यातूनच होतो. वाईट वागायची हौस यांच्यातल्या फार थोड्यांना आहे. बाकीच्यांना फक्त दुसरी वाट दिसत नाही.

मालिकेलाही महामारीचा फटका बसला. २०२० च्या सुरुवातीला चित्रीकरण सुरू झालं आणि मार्चमध्ये बंद पडलं. ते पुढच्या वर्षी पुन्हा सुरू झालं आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये मालिका बीबीसीवर आली. गंमत बघा, त्याच मार्चमध्ये ही समाजसेवेची शिक्षासुद्धा खऱ्या आयुष्यात थांबवावी लागली होती. खोटे शिक्षेकरीही घरी आणि खरेही घरी!

आणि तुरुंगात? तिथे कैदी दिवसाचे तेवीस-तेवीस तास कोठडीत होते. एप्रिल २०२० मध्ये ब्रिटिश सरकारने जाहीर केलं की, इंग्लंड आणि वेल्समधल्या चार हजारांपर्यंत कैद्यांना पायात इलेक्ट्रॉनिक पट्टा बांधून लवकर सोडू. प्रत्यक्षात काही शे लोकच सुटले. सुटणाऱ्याला राहायला जागा हवी, ही त्यातली एक अट. त्या काळात तुरुंगातून बाहेर पडताना हातावर ४६ पौंड ठेवले जात, ते २०२१ मध्ये ७६ झाले. तेवढ्यात संसार उभा करायचा. म्हणजे बाहेर आल्यावर पहिली गरज लागते ती पत्त्याची. कागदावर लिहायला एक घर.

मैत्रिणींनो, मला बोलायचंय ते या पत्त्याबद्दल.

मालिकेत फ्रँक नावाचा म्हातारा आहे. ख्रिस्तोफर वॉकन या ऑस्कर मिळवलेल्या नटाने तो झकास रंगवलाय. जन्मभर लोकांना टोप्या घातलेला, गोडबोल्या, हातचलाख. याच्या पायातही तो पट्टा आहे आणि याचा पत्ता म्हणजे मार्गारेट, त्याची लेक. ती लहान असताना ज्याने तिची कधी फिकीर केली नाही, त्या बापाला तिने घरात घ्यायचं. नातवंडांना आजोबा आवडायला लागतात आणि तिचा जीव टांगणीला लागतो. हा खरंच बदललाय की नवा डाव टाकतोय? डॉली वेल्स या नटीने हे एकही मोठा संवाद न म्हणता दाखवलंय. बाप जिन्यावरून उतरला की तिची नजर आधी त्याच्या हातांकडे जाते, असं मला सारखं वाटत राहिलं.

ती दार उघडते म्हणून फ्रँकची गोष्ट पुढे सरकते. त्याच्या सुधारण्याचं ओझं न्यायालयाच्या निकालात नाही, मुकादमिणीच्या वहीत नाही. ते आहे तिच्या स्वयंपाकघरात.

हे फक्त ब्रिस्टलमध्येच होतं का? त्याच २०२० साली आपल्याकडे काय झालं ते आठवा. २३ मार्चला सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना सांगितलं, की तुरुंगातली गर्दी कमी करण्यासाठी कोणाला सोडता येईल ते बघा. महाराष्ट्राने आधी सुमारे ११ हजार आणि मे महिन्यात सुमारे १७ हजार कैदी तात्पुरते सोडायचं जाहीर केलं. ते गरजेचंच होतं. मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगाची क्षमता ८०४, आणि आत अडीच हजारांहून जास्त माणसं. मे महिन्यात तिथे शंभरावर लोकांना लागण झाली होती. पण सुटलेली ही माणसं गेली कुठे? दहा बाय दहाच्या खोल्यांत. टाळेबंदीत काम नाही, बाहेर जायची सोय नाही, आणि घरातल्या बाईच्याही हाताला काम नाही.

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींचा धाकटा भाऊ तेव्हा असाच पॅरोलवर सुटून आला होता. मावशी बऱ्याच महिन्यांनी पुन्हा कामावर यायला लागल्या, तेव्हा कणीक मळता मळता म्हणाल्या, "ताई, दार उघडलं तर शेजारी बोलतात, नाही उघडलं तर आई बोलते. आमाला कोन इचारतंय?" खोलीत पाच माणसं, त्यात हा सहावा. तो काही वाईट वागला नाही, पण संध्याकाळी उशीर झाला की मावशींच्या पोटात गोळा यायचा. ओळखीच्या एकाने त्याला भाजीच्या हातगाडीवर बरोबर घेतलं आणि जरा निभलं. पुढे पॅरोल संपल्यावर तो परत आत गेला, उरलेली शिक्षा पुरी करून बाहेर आला आणि आता टेम्पोवर हमाली करतो.

मी विचारलं, "मग आता विश्वास बसला?"

मावशी म्हणाल्या, "राखी बांधते की! जेवायला पन वाढते. किल्ली नाही देत."

मला हे उत्तर फार आवडलं. कारण बाईकडून आपली अपेक्षा कशी असते, तर एकतर तिने क्षमेची मूर्ती व्हावं, नाहीतर कठोर होऊन दार लावून घ्यावं. मधलं काही नाही. मार्गारेटही हेच मधलं काहीतरी शोधत असते. जेवायला वाढायचं आणि डोळेही उघडे ठेवायचे. दार उघडायचा तिला हक्क आहे, तसा 'आता पुरे' म्हणायचाही आहे. माणूस सुधारला नाही, तर तो दोष तिच्या मायेचा नव्हे, एवढं तरी आपण बायकांनी एकमेकींना सांगायला हवं.

आता तर आपल्याकडेही समाजसेवेची शिक्षा आली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत काही किरकोळ गुन्ह्यांना ती देता येते. उदाहरणार्थ, पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी, गुन्हा पहिलाच आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केलेली. चांगलीच गोष्ट आहे. कोवळ्या पोराला तुरुंगात धाडून सराईतांच्या शेजारी बसवण्यापेक्षा त्याच्या हातात झाडू देणं केव्हाही बरं. पण तास भरून झाल्यावर त्याला काम कोण देणार? त्याला हातगाडीवर बरोबर घेणारा कोणी असणार का? की तेही सगळं त्याच्या आईनं, बहिणीनं, बायकोनंच बघायचं?

मालिकेतला एक प्रसंग तर जगभर गाजला. भिंत रंगवता रंगवता फ्रँक एका उंदराच्या चित्रावर रंग फासतो. ते चित्र खरोखरच ब्रिस्टलचा जगप्रसिद्ध भित्तिचित्रकार बँक्सी याने काढलेलं होतं आणि ते चित्रीकरणात कायमचं पुसलं गेलं! सासूबाईंना ही हकीकत सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "अगंबाई! सांगितलेलं काम बिचाऱ्याने इमानानं केलं, आणि नुकसान झालं ते तेव्हाच!"

आम्ही खूप हसलो. पण ती भिंत माझ्या डोक्यातून जात नाही. बंडी घातलेल्या माणसाला आपण 'हे पुसून टाक' एवढंच सांगतो. त्याला काही विचारत नाही, आणि त्याच्यासाठी दार उघडणारीलाही विचारत नाही. पुढच्या वेळी कुणाबद्दल 'सुंभ जळाला तरी' म्हणायला तोंड उघडाल, तेव्हा त्या घरातल्या बाईला आधी एवढंच विचारून बघा, "तुला काही मदत हवी आहे का गं?"